'पॉलिकीटा'त कीटक नाहीत

प्रश्न असा: समुद्रात नळी बांधून राहणारे कृमी 'पॉलिकीटा' वर्गात येतात; पॉलिकीटा म्हणजे 'पुष्कळ कीटक', तर मराठीत त्यांना 'नळीकीटक' म्हणावं का?

अजिबात म्हणू नये. कीटकाला सांध्यांचे सहा पाय असतात, यांना तसला एकही नसतो. 'नळकृमी' म्हणा. 'समुद्री कीटक' हे बातम्यांत वाचून वाचून वीट आला आहे.

या 'कीटा'चा आपल्या 'कीटा'शी काडीचा संबंध नाही. मूळ ग्रीक शब्द 'खाइते': लांब मोकळे केस, घोड्याची आयाळ. इंग्रजीत त्याचा उच्चार 'कीटा' झाला आणि आपण तोच उचलला. 'पॉलिखेटा' लिहिलं असतं तर हा घोळ झालाच नसता. पाठ्यपुस्तकांनी अजूनही ते लिहावं. अर्थ एवढाच, पुष्कळ केसवाले.

आणि या 'खाइते'चे नातेवाईक कोण? अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातला 'गएस', म्हणजे कुरळे केस, आणि फारसीतला 'गेसू'. गझलेत शायर ज्यावर जीव ओवाळून टाकतात तो गेसू आणि या कृमीच्या अंगावरचं राठ कुसळ एकाच घराण्यातले! काही जण हौसेने संस्कृत 'केश'ही यात ओढतात. ते साफ चूक आहे. ग्रीक 'ख'समोर संस्कृतात 'ह' किंवा 'घ' येतो ('खेइमा' म्हणजे हिवाळा, आपला 'हिम'). 'क' येत नाही. ध्वनिनियम आवडीप्रमाणे वाकवता येत नाहीत.

हे केस शोभेचे नाहीत. कालवाच्या शिंपल्यावर चुन्याची पांढरी वेडीवाकडी नळी चिकटलेली दिसते, ती सर्प्युलिड कुळातल्या कृमीची. डोक्यावर पिसांचा तुरा. श्वास त्याच्यातून आणि अन्न गाळणंही त्यानेच. त्यातल्याच एका पिसाचं झाकण बनतं. धोका जाणवला की प्राणी झटकन आत जातो, झाकण लावतो आणि याच केसांच्या बारीक आकड्यांनी नळीच्या भिंतीला घट्ट धरून बसतो.

वर्गीकरणाचा मोठा वादही केसांनीच सोडवला. 'सिबोग्लिनम' हा दोऱ्यासारखा नळकृमी १९१४ मध्ये वर्णिला गेला. नाव 'सिबोगा' या डच मोहिमेच्या जहाजावरून. त्याला ना तोंड ना आतडं. अशा प्राण्यांचा 'पोगोनोफोरा', म्हणजे 'दाढीधारी', असा स्वतंत्र संघ (वर्गाहूनही मोठा गट) केला गेला आणि तो पृष्ठवंशीयांच्या बाजूच्या फांदीवर बसवला गेला. कारण जाळ्यात येताना शेपटाकडचा तुकडा तुटून नळीतच राहायचा. १९६४ मध्ये तो तुकडा हाती आला. त्यावर वलयं होती आणि वलयांवर राठ केस! वलयी प्राण्यांची, म्हणजे गांडूळ, जळू आणि पॉलिखेटा ज्यात येतात त्या संघाची, खूण याहून स्पष्ट काय असणार? तरीही स्वतंत्र संघाचा हट्ट पुढे कित्येक वर्षं चालला. १९७७ मध्ये प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर सापडलेला लाल तुऱ्याचा, माणसाहून उंच 'रिफ्टिया' याच गोतातला. तोही प्रौढपणी बिनतोंडाचा आणि शरीरातल्या जिवाणूंवर जगणारा. आज हे सगळे 'सिबोग्लिनिडी' कुळात, पॉलिखेटांच्याच पंगतीला आहेत.