आम्ही दोघं दीड महिना इटली, स्पेन, पोर्तुगाल फिरणार आहोत. आधी काय बुक करावं? गाडी भाड्याने घ्यावी का?

सगळ्यात आधी स्पेनमधल्या ग्रॅनडातल्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ल्याचं तिकीट, मग त्याभोवती बाकीचा कार्यक्रम बसवा. तिकिटावर किल्ल्यातल्या नासरी राजांच्या महालांत शिरायची वेळ छापलेली असते. ती हुकली की महाल गेले, उरलेला परिसर तेवढा बघायचा. पासपोर्ट सोबत हवाच.

इटलीतल्या शहरांत गाडी नकोच. जुन्या वस्तीच्या तोंडाशी 'झेडटीएल'ची, म्हणजे परवान्याशिवाय गाडी आणायला बंदी असल्याची, पाटी अन् कॅमेरा असतो. दंडाची नोटीस कधीकधी काही महिन्यांनी घरी येऊन धडकते. रेल्वेच बरी. फक्त प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात घालून शिक्का उठवा, नाहीतर तिकीट असूनही दंड. सेव्हिल ते लिस्बन मात्र थेट रेल्वे नाही, बस पकडा.