‘मी नेहमी त्याचंच ऐकतो, तरी आमचं बिनसतं’

धंद्यातल्या भागीदारांचे वाद मिटवायला मदत करणं हे माझं काम, आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! कधी कापड दुकानदाराकडून, कधी केटररकडून. म्हणून एका जोडीची हकिकत सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

वागळे इस्टेटमध्ये दोघांचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचे. शाळेपासूनची दोस्ती, निम्मी-निम्मी भागीदारी. अण्णा मशीनवर, भाऊ ऑर्डरी आणायला बाहेर. दुसरं मशीन घ्यायचा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, "तू म्हणशील तसं." आणि बँकेच्या कागदांवर चार महिने सही केली नाही. भाऊ भडकले. निरोप कामगारांमार्फत जाऊ लागले.

सुरुवातीच्या बैठका उण्यादुण्यांतच गेल्या. मग एकदा अण्णांना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"त्याचं भलं व्हावं."

"हे त्याचं झालं. तुमचं?"

अण्णा नखांतलं काळं तेल कोरत बसले. उत्तर नव्हतंच.

आपल्याला वाटतं, स्वतःची काळजी आणि समोरच्याची काळजी म्हणजे तराजूची दोन पारडी. एक वर गेलं की दुसरं खाली. तसं नाही. त्या गॅसच्या दोन शेगड्या आहेत, दोघींचे नॉब वेगळे. प्रुइट आणि रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच मांडलं, आणि इतक्या वर्षांच्या कामात मला याहून उपयोगी काही सापडलेलं नाही. फक्त स्वतःची शेगडी मोठी असली की माणूस रेटतो, फक्त दुसऱ्याची असली की नमतं घेतो, दोन्ही विझल्या की टाळतो. दोन्ही मोठ्या असतील तरच नवा मार्ग शोधायची चिकाटी येते. अण्णांना सगळे समंजस म्हणायचे. मला मात्र त्यांची स्वतःची शेगडी बंद दिसत होती आणि न झालेली सही हा तिथून गळणारा गॅस होता.

पुढच्या वेळी दोघांना कोरे कागद दिले. "मशीनच्या बाबतीत समोरच्याला कशाची भीती आहे, ते लिहा."

अण्णांनी झरझर लिहिलं: मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल. भाऊंनी ‘कर्ज’ एवढंच लिहिलं आणि पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मी मुद्दाम बोलले नाही. अशा शांततेत घाई केली की हाती आलेलं निसटतं.

"मला माहीतच नाही रे," भाऊ शेवटी म्हणाले.

"पाठ," अण्णा म्हणाले. "दुसरं मशीन म्हणजे रात्रपाळी. माझी पाठ गेलीय."

"बोलला नाहीस कधी!"

"तुला त्रास नको म्हणून."

त्याच क्षणी मला उमगलं, की अण्णांच्या गप्प बसण्याने भाऊंकडून काळजी घेण्याची संधीच हिरावली होती. तुम्हीही ‘मी ऐकतो’ म्हणत असाल, तर आधी स्वतःची अडचण एका वाक्यात भागीदाराला सांगा. मागणी नंतर करा. आणि लगेच मधला तोडगा काढू नका. इथे ‘मशीन पुढच्या वर्षी घेऊ’ म्हटलं असतं, तर गिऱ्हाईकही गेलं असतं आणि पाठही.

त्यांनी मशीन घेतलं, रात्रपाळीला सुपरवायझर ठेवला. करारनामाही सुधारला. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात तसं ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही, हे दोघांच्याही गावी नव्हतं. आता अण्णांच्या कामाचा मोबदला कागदावर आहे.

अण्णा सहाला घरी जातात. शटर भाऊ ओढतात.