खांद्यावर दोन टोकं असलेला तपकिरी, गोल जाळ्याचा कोळी: प्रजाती कशी ठरवायची?

तुम्ही ओळखीसाठी टाकलेल्या फोटोतल्या कोळ्याचं त्रिकोणी पोट आणि पुढच्या कोपऱ्यांवरची दोन टोकं पाहता पहिला अंदाज पॅराविक्सिया देहानी (पॅराविक्सिया हा गट, देहानी ही त्यातली प्रजाती). पण रंगावर अजिबात जाऊ नका. या प्रजातीत तो फार बदलतो. डोळे पुढे आलेल्या उंचवट्यावर असतील तर पोल्टिस हा वेगळा गट. नुसता गोलसर तपकिरी असेल तर पाठीच्या पुढच्या कवचावरची खाच बघा: उभी असेल तर निओस्कोना, मादीत आडवी असेल तर अरॅनिअस.

खरा निकाल पोटाखाली लागतो. प्रौढ मादीच्या पोटाखाली पुढच्या भागात, मधोमध, गडद, टणक एपिगाइन, म्हणजे मादीच्या जननेंद्रियाचा बाहेरचा भाग, दिसतं. ते दिसत नसेल तर कोळी बहुधा अपरिपक्व, मग ‘पॅराविक्सिया, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा. तेही प्रामाणिक उत्तर आहे. नराची ओळख तोंडाजवळच्या फुगीर पॅल्पवरून, म्हणजे पायांसारख्या छोट्या अवयवांवरून.

तेव्हा पाठ, पोटाची खालची बाजू आणि समोरून डोळे असे तीन फोटो मिलिमीटरच्या पट्टीसह टाका. नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) ठेवणार असाल तर फोटो आधीच घ्या, नंतर रंग उडतात. डीएनएसाठी मात्र ९५ टक्के लागेल. अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका.