कीबोर्ड नवख्याच्या हातात द्या

गावात राहून प्रोग्रॅमिंग कसं शिकावं, चार जण जमवून काही सुरू करता येईल का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : मी उदगीरला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीटअप (प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी जमून एकत्र शिकणं) म्हटलं की पुणे नाहीतर हैदराबाद. आमच्याकडेच सुरू करायचं तर किती जण लागतात? जागा कुठली बघावी?

चार जण पुरे. लातूर जिल्ह्यातल्या मुलांना एकत्र अभ्यास करायला मी शिकवायची गरज नाही. बारावीच्या वर्षात भाड्याच्या खोलीवर एकमेकांना गणितं समजावत बसायची सवय तुम्हाला आहेच, तीच इथे कामाला येते. शिवाय प्रोग्रॅम चालला की नाही हे संगणक लगेच सांगतो, त्यामुळे जवळ जाणकार नसला तरी अडून राहत नाही.

अभ्यासिकेत मात्र बसू नका. तिथे बोलता येत नाही आणि हे काम बोलल्याशिवाय होत नाही. कॉलेजची लॅब रविवारी मिळते का ते विचारा. प्राचार्यांना अर्ज करताना कुलूप, पंखे आणि लाइट बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहा. परवानगी बहुतेक वेळा एवढ्यावरच अडलेली असते. उद्घाटन, बॅनर, प्रमुख पाहुणे यांतलं काहीही करू नका. त्या तयारीत महिना जातो आणि कोड लिहायचा राहून जातो.

पहिल्या बैठकीत एकाने वीस मिनिटं बोलावं, मग दोघादोघांनी एका मशीनवर बसावं. कीबोर्ड ज्याला कमी येतं त्याच्या हातात. ज्याला येतं त्याने फक्त तोंडाने सांगायचं, बोट लावायचं नाही. वीस मिनिटांनी जागा बदला. मोठ्या कंपन्यांतही असं जोडीने काम करतात, त्याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात.

काम मात्र आपल्या ओळखीचं घ्या. तालुक्यातल्या महसूल मंडळांच्या पावसाची एक फाइल करा : मंडळाचं नाव आणि मिलिमीटर, दोनच रकाने. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल दफ्तरी ती अतिवृष्टी धरतात. अशी मंडळं निवडून दाखवणारा, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम पाच-सहा ओळींत होतो. मग मुद्दाम एका मंडळापुढचा आकडा काढून टाका. प्रोग्रॅम ‘व्हॅल्यूएरर’, म्हणजे आकडा हवा तिथे आकडा नाही, असं म्हणून थांबेल. आता चौघांनी ठरवायचं : रिकामा रकाना म्हणजे पाऊस पडलाच नाही, की पडला पण नोंद झाली नाही? शून्य धरलं तर कदाचित खरी अतिवृष्टी झालेलं मंडळ यादीतून गळेल आणि तिथल्या शेतकऱ्याची मदत अडेल. ही चर्चा पुस्तक वाचून एकट्याला सुचत नाही. माझ्या मते प्रोग्रॅमिंग म्हणजे मुख्यतः हेच आहे.

प्रश्न : नांदेडच्या आमच्या ग्रुपने मला पुढच्या वेळी बोलायला सांगितलंय. माझं इंग्रजी कच्चं आहे आणि विषयही सुचत नाही.

मराठीत बोला. लूप, फंक्शन, एरर हे शब्द आहेत तसेच राहू द्या, ते सगळ्यांना कळतात. समोर नांदेडची पोरं बसलेली असताना इंग्रजीचा आग्रह कशासाठी?

विषय लहान घ्या. एक सुचवतो, हवा तर तोच घ्या. पायथनला ‘लातूर’ या शब्दाची लांबी विचारा. आपण अक्षरं 3 मोजतो, तो 5 सांगतो. मग हाच शब्द उलटा करायला सांगा. ‘रतूला’ येईल असं सगळ्यांना वाटतं, पडद्यावर येतं ‘रूताल’! कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, काना आणि उकार यांना अक्षरांसारखेच स्वतंत्र क्रमांक आहेत. संगणकापुढे ल, काना, त, दीर्घ उकार, र अशी पाच चिन्हांची रांग असते. ती उलटी केली की उकार ‘त’ला सोडून ‘र’ला जाऊन चिकटतो. पुढे जायचं तर हेही दाखवा की यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे हे क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणजे तीन अक्षरी लातूर फाइलमध्ये 15 बाइट होतं.

उत्तर आधी सांगू नका. सगळ्यांना अंदाज वहीत लिहायला लावा, मग एंटर दाबा. पंधरा मिनिटांचा विषय आहे, तेवढ्यातच संपवा आणि लगेच प्रत्येकाला आपापल्या गावाचं नाव उलटं करायला सांगा.

प्रश्न : लॅपटॉप नाही, मोबाइलच आहे. गटात जाऊन उपयोग होईल का?

होईल. अँड्रॉइडवर पायड्रॉइड किंवा टर्मक्स हे अ‍ॅप टाका, पायथन मोबाइलवरच चालतं. खरा त्रास टाइप करण्याचा होतो. त्यासाठी ओटीजी केबल लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. जोडीत बसाल तेव्हा दुसऱ्याचा लॅपटॉप असेलच, तिथे लाजू नका.

प्रश्न : परभणीत आम्ही रविवारी बसतो. मुली दोन बैठका येतात आणि मग बंद होतात. काय चुकतंय?

आधी घड्याळ बघा. सहाला संपणाऱ्या बैठकीतून मानवत-पाथरीकडच्या मुलीने घरी कधी पोचायचं? अकराला सुरू करा, दोनला उठा. घरच्यांना सांगता येईल अशी जागा ठेवा, कॉलेज किंवा वाचनालय. कोणाच्या खोलीवर बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तिथून कोणी रात्री-बेरात्री मेसेज करत असेल तर त्याला त्याच दिवशी ग्रुपमधून काढा, चर्चा नको.

आणि एक बघा. मुलगी टाइप करताना अडली की शेजारचा मुलगा ‘आण इकडे’ म्हणून लॅपटॉप ओढून घेतो का? बहुतेक ठिकाणी हेच होतं. ओढून घेणाऱ्याला भल्याचंच वाटतं, पण तिचं शिकणं तिथेच थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीचा विषय मुलींपैकी कोणाला तरी द्या. आभार मानायचं आणि पाहुण्यांना फुलं द्यायचं काम नको, विषय द्या.

प्रश्न : मी बीडला शिकवतो. मुलं एआयकडून कोड लिहून आणतात. मग एकत्र बसून काय करायचं?

आणू द्या, सर. फक्त एक करा : आणलेला कोड त्याने जोडीदाराला ओळीओळीने समजावून सांगायचा. मग जोडीदाराने एक ओळ खोडायची आणि आता काय होईल ते चालवण्याआधी विचारायचं. ज्याला कळलंय तो सांगतो. ज्याला कळलेलं नाही त्याला ते स्वतःलाच दिसतं, तुम्हाला रागवावं लागत नाही.

प्रश्न : जालन्यात आमची बैठक असते तेव्हा नेमकं नेट जातं. मग सगळे उठून जातात.

नेटवर अवलंबून राहू नका. पायथनचा इन्स्टॉलर आणि त्याची सगळी माहितीपानं आदल्या दिवशी एका लॅपटॉपवर उतरवून ठेवा, ती फुकट मिळतात. पायथनमध्येच एक छोटा वेब सर्व्हर आहे, एका आज्ञेत सुरू होतो आणि समोरचं फोल्डर 8000 क्रमांकाच्या पोर्टवर सगळ्यांना उघडून देतो. एका मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि तो लॅपटॉप त्याला जोडा, डेटा बंद असला तरी चालतं. बाकीच्यांनी त्याच हॉटस्पॉटला जोडून ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट टाकला की फाइली मिळतात. बैठक संपली की सर्व्हर बंद करा आणि त्या फोल्डरमध्ये स्वतःचे फोटो, कागदपत्रं ठेवू नका. लाइटही जात असेल तर लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणायला सांगा.