चार्ल्स पिंकनी १८०८ साली नेमके कुठे होते?

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी वहीच समोर उघडल्यासारखं झालं. अमेरिकेचे जुने पुढारी चार्ल्स पिंकनी यांच्यावर तुम्ही नोंद लिहिताय. १८०८ साली ते एका पुस्तकात साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर आहेत, तर दुसऱ्यात अध्यक्षपदाचे पराभूत उमेदवार. कोणतं पुस्तक चूक, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही बरोबर आहेत, माणसं दोन आहेत. गव्हर्नर होते ते धाकटे, चार्ल्स पिंकनी (१७५७–१८२४). फेडरलिस्ट पक्षाकडून १८०४ आणि १८०८ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले ते थोरले, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी (१७४६–१८२५). दोघेही चार्ल्सटनचे, दोघेही वकील. स्वातंत्र्ययुद्धात १७८० मध्ये ते शहर पडल्यावर दोघेही ब्रिटिशांचे कैदी झाले, आणि अमेरिकेच्या संविधानावर दोघांच्या सह्या लागोपाठ आहेत.

अशीच नोंद लिहिताना मी कुठे घसरलो ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात. टिपणं मी थेट मराठीत काढली आणि प्रत्येक कार्डावर नुसतं ‘पिंकनी’ लिहिलं. पुढे मूळ पुस्तकं ग्रंथालयात परत गेली आणि हाताशी फक्त कार्डं उरली. त्यांवरून एकच माणूस उभा केला: ऑक्सफर्डला कायदेपंडित ब्लॅकस्टोनची व्याख्यानं ऐकलेला, सरकारी पदासाठी धर्माची अट नको असं संविधानाचं कलम सुचवणारा, फ्रेंचांनी लाच मागितल्यावर ‘सहा पेन्ससुद्धा नाही’ म्हणणारा, आणि नंतर अध्यक्ष जेफरसनचा स्पेनमधला राजनैतिक प्रतिनिधी. पहिली आणि तिसरी गोष्ट कोट्सवर्थची, दुसरी आणि चौथी धाकट्या चार्ल्सची. सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे १८०० च्या निवडणुकीत थोरले फेडरलिस्टांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि धाकटे त्याच राज्यात विरोधी उमेदवार जेफरसनसाठी राबत होते. माझ्या नोंदीत या फुटीचा मागमूसही नव्हता, कारण मी दोघांचा एकच माणूस केला होता.

त्यात आपल्या लिपीचा वेगळाच फास आहे. मेरीलंडचे नामांकित वकील विल्यम पिंकनी यांच्या आडनावात रोमन लिपीत एक अक्षर कमी असतं. देवनागरीत तो फरक उरत नाही. मिझुरीला राज्य म्हणून घेताना तिथे गुलामगिरीवर बंधन घालायचं का, या १८२० च्या वादात विल्यम सिनेटमध्ये बोलले, धाकटे चार्ल्स प्रतिनिधिगृहात, आणि दोघेही गुलामगिरीवर बंधन नको या एकाच बाजूने. मी ती दोन भाषणंही एकाच्या नावावर घातली होती.

नोंद छापून आली आणि आठ दिवसांत चूक माझ्या लक्षात आली. संपादकीय कार्यालयाला तीन पत्रं लिहिली, दोनदा स्वतः गेलो. शुद्धिपत्राला जागा नाही, पुढच्या आवृत्तीत बघू, एवढंच उत्तर. ती आवृत्ती निघाली नाही. माझ्या चुकीची वाक्यं मुलांच्या प्रकल्पांत उतरलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आग्रहाने सांगतो, शुद्धिपत्र देण्याची अट हस्तलिखित देण्याआधीच लेखी घ्या. सगळीच कार्यालयं तशी नसतील, पण लेखी घ्याच.

आता कामाचं. कार्डावर पूर्ण नाव आणि जन्मवर्ष लिहा. संविधान तयार करणाऱ्या १७८७ च्या अधिवेशनाबद्दलच्या मॅडिसनच्या नोंदींत ‘जनरल’ आलं की ते थोरले. इंग्लंडला जाऊन शिकलेलेही तेच. धाकटे चार्ल्सटनमध्येच कायदा शिकले. ‘कझिन’चं भाषांतर डोळे मिटून चुलतभाऊ करू नका. धाकटे हे कोट्सवर्थच्या चुलतभावाचे मुलगे, म्हणजे आपल्याकडचे चुलत पुतणे. त्या वडिलांचं नावही चार्ल्सच, तेव्हा तिथेही जपा.

मी प्राध्यापक नाही, तरी एक मत मांडतो. धर्माच्या अटीविरुद्धच्या कलमावर थांबून धाकट्यांना निव्वळ उदारमतवादी ठरवू नका. पळालेल्या गुलामांना परत देण्याची मागणी अधिवेशनात साउथ कॅरोलिनाचेच प्रतिनिधी बटलर आणि त्यांनीच मांडली. गुलामांच्या आयातीची मुदत १८०० वरून १८०८ पर्यंत वाढवून घेतली ती थोरल्यांनी. हे गाळलं तर नोंद अर्धीच राहील.

धाकट्यांनी १८१८ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांना पाठवलेला मसुदा त्यांनी १७८७ च्या अधिवेशनात मांडलेल्या संविधानाच्या मूळ आराखड्याचा पुरावा म्हणून वापरू नका. तो तसाच्या तसा खरा मानायला अभ्यासक तयार नाहीत. वयाचंही तसंच. अधिवेशनातले प्रतिनिधी पीअर्स त्यांना २४ वर्षांचे म्हणतात, पण तेव्हा ते २९ चे होते आणि सर्वांत तरुण डेटन होते.

आणि धाकट्यांच्या स्नी फार्म या शेतावरच्या घराचा फोटो ‘पिंकनींचं घर’ म्हणून देऊ नका. शेत त्यांचं होतं, पण आज उभं असलेलं घर त्यांच्या मृत्यूनंतर, १८२८ च्या सुमारास बांधलेलं आहे.