पहिल्यांदाच मुंबईला येताय ना?

दोन दिवसांत अख्खी मुंबई बघायचा हट्ट आधी सोडा. नवखे तिथेच फसतात: सकाळी जुहू, दुपारी गेटवे, बाकी दिवस टॅक्सीत.

एक दिवस फक्त दक्षिण मुंबईला द्या. सीएसएमटी रेल्वे स्टेशनच्या फाटकाच्या खांबांवर बघा, एकीकडे दगडी सिंह, दुसरीकडे वाघ. रोज लाखो लोक जातात, मान वर करतंय कोण!

- घारापुरीची (एलिफंटा) लेणी सोमवारी बंद. गेटवेहून लाँचने साधारण तास लागतो, सकाळीच निघा. तिथल्या त्रिमूर्ती शिल्पासमोर घाई नको.
- लोकलने फिरा, पण दुपारी अकरा ते चार. संध्याकाळी सहाची गच्च भरलेली विरार लोकल? बॅगेसकट अजिबात नको.
- पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच चौपाटीवर जा.

बाकी वांद्रे, कान्हेरीची लेणी पुढच्या खेपेला.