मॅडम, दोन्हींपैकी सोडू काय?

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्या समोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा आला आहे की विचारणारा दारातून आत येतानाच मला त्याची चाहूल लागते. पहाटे उठून मॅरेथॉनसाठी धावणारी, लांब पल्ल्याची सायकल चालवणारी, ट्रायथलॉनच्या मागे लागलेली ही माणसं. तीच संध्याकाळी ज्युदो, कराटे, तायक्वांदो नाहीतर जुजुत्सूच्या वर्गाला जातात. धावण्याचा कोच म्हणतो, तिकडे गुडघा मोडून घेशील, आधी ते बंद कर. सेन्सेई, म्हणजे तिकडचे गुरू, म्हणतात, धावून धावून पाय जड झाले, चपळाई गेली. घरचे म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. हे सगळं ऐकून माणूस दोन्हीकडे चोरासारखा वावरायला लागतो.

अशाच एकीची गोष्ट इथे सांगते आहे. तिची परवानगी आहे, तरी ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत आणि पुष्कळ भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ती पस्तिशीतली. शाळेपासून ज्युदो, पुढे ब्लॅक बेल्ट, आता दोजोत, म्हणजे ज्युदोच्या सरावाच्या जागी, लहान मुलांना शिकवायलाही मदत करते. धावणं मागाहून आलं. आधी मैत्रिणींबरोबर सहज, मग हाफ मॅरेथॉन आणि आता पहिली फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. माझ्याकडे आली तेव्हा तयारी ऐन भरात होती आणि झोप पार उडालेली. रात्री तीनला जाग यायची. मुलांवर विनाकारण आवाज चढायचा. तिच्या मते हे सगळं एका सोमवारपासून सुरू झालं. त्या दिवशी रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, तिच्याहून खालच्या, हिरव्या पट्ट्याच्या एका मुलाने तिला उचिमाता, म्हणजे मांडीच्या आतून पाय उडवायचा डाव, मारून पाठीवर पाडलं होतं. सगळ्यांसमोर.

"पडलात. मग?"

"मग काय मॅडम? ब्लॅक बेल्ट आहे मी."

"आहातच. ब्लॅक बेल्ट पडत नाहीत?"

"पडतात. पण असे नाही पडत. तो आत घुसतोय हे मला दिसत होतं, पण पाय हललेच नाहीत. धावण्याने माझा ज्युदो खाल्ला. आणि धावण्यात तरी मी काय दिवे लावलेत?"

आदल्या दिवशी काय केलं होतं, असं मी विचारलं. तिला पटकन आठवेना. मनगटावरच्या घड्याळात शोधून म्हणाली, "लाँग रन. २८ किलोमीटर."

तिच्या धावण्याची सगळी नोंद त्या घड्याळात होती: किलोमीटर, पेस म्हणजे धावण्याची गती, हृदयाचे ठोके. ज्युदोची नोंद एका जुन्या डायरीत. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. धावण्याच्या कोचला डायरी माहीत नव्हती, सेन्सेईंना घड्याळ. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनाही अर्धीच बाई दिसत होती.

मी तिला एकच वही करायला सांगितली. किलोमीटर आणि रांदोरी यांची बेरीज कशी करायची, ही तिची शंका रास्त होती. त्यासाठी खेळविज्ञानात कार्ल फॉस्टर यांची एक साधी पद्धत आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने, तो एकूण किती जड गेला याला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. दीड तासाची दमदार रांदोरी ८ वाटली तर ९० गुणिले ८, म्हणजे ७२०. तीन तासांचा निवांत लाँग रन ४ च वाटला तरी १८० गुणिले ४, तेही ७२०. पाऊण तासाचं हलकं धावणं ३ वाटलं तर १३५. निरनिराळ्या गोष्टी अशा एका मापात येतात. माप ढोबळ आहे, पण रोज लिहिलं तर खोटं बोलत नाही.

पुढे ती वही घेऊन आली, तेव्हा मी काही म्हणायच्या आत तिनेच पानं उलटून दाखवली. रांदोरीतल्या फसलेल्या दिवसांखाली लाल रेघा होत्या. जवळपास प्रत्येक रेघेच्या वर, एक-दोन दिवस आधी, लाँग रन किंवा इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबत तुकड्यांत जोरात धावणं. मंगळवारी सकाळचे टेम्पो रन, म्हणजे सलग वेगात धावणं, कोसळत होते, त्यांच्या आधी सोमवारची रांदोरी. जड मेहनतीनंतर स्नायूंचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं. ती नेमकी त्याच दिवसांत स्वतःची परीक्षा घेत होती.

"म्हणजे माझ्यात काही बिघडलेलं नाही?" तिने विचारलं आणि तिचे डोळे भरून आले.

"पाय थकलेत. दोन्हीकडे तेच पाय जातात."

आता थोडं शास्त्र, कारण 'धावलं की ताकद जाते' हे वाक्य अशा प्रत्येकाला कुणीतरी ऐकवलेलं असतं. ते अगदीच निराधार नाही. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला फक्त ताकदीचे व्यायाम, दुसऱ्याला फक्त दमसासाचे, तिसऱ्याला दोन्ही. तिसऱ्या गटाची पायांची ताकद सुमारे सात आठवडे वाढत गेली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरली. दमसास मात्र दुसऱ्या गटासारखाच वाढला. धाक घालणारे इथेच थांबतात. त्या गटाला आठवड्यात पाच दिवस जड ताकद आणि सहा दिवस कसून दमसास असं दोन्ही करायला लावलं होतं, हे कुणी सांगत नाही. याच हिक्सनचा १९८१ चा प्रयोग तर क्वचितच कुणाला माहीत असतो. त्यात लोकांनी दहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस कसून व्यायाम केला आणि पुढचे पंधरा आठवडे तो चार किंवा नुसत्या दोन दिवसांवर आणला. वेळ आणि जोर तोच ठेवला, तेव्हा कमावलेला दमसास टिकून राहिला. कमावलेलं राखायला कमावण्याएवढी मेहनत लागत नाही. दोन छंदांच्या माणसाला याहून मोठा दिलासा मी तरी देऊ शकत नाही.

त्यावरून आम्ही आठवडा बसवला. मॅरेथॉन होईपर्यंत धावणं पुढे, ज्युदो मागे. ज्युदोचे दोन दिवस: एक रांदोरीचा, दुसरा नुसत्या तंत्राचा आणि उचिकोमीचा, म्हणजे न पाडता डाव पुन्हापुन्हा घोटण्याचा. लाँग रनच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी रांदोरी नाही. जड गोष्टी आठवडाभर पसरून ठेवण्याऐवजी एका दिवसात घेतल्या, सकाळी इंटरव्हल आणि संध्याकाळी रांदोरी, मध्ये निदान सहा तास. मग दुसरा दिवस खरोखर हलका. मॅरेथॉन झाली की आधी पुरती विश्रांती, मग ज्युदो पुढे आणि धावणं मागे.

वेळापत्रक दोन भेटींत बसलं. एखाद्या समंजस कोचनेही ते बसवून दिलं असतं. माझं खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं, आणि ते जमतं याचं मला समाधान आहे.

कारण तिसऱ्याच आठवड्यात वहीतले हलके दिवस जड झाले. हलकं धावायच्या दिवशी ६, तंत्राच्या दिवशी ७.

"हळू धावताना मनात काय चालू असतं?"

"की मागून येणारा प्रत्येक जण पुढे जातोय. बघणारे म्हणत असतील, ही काय मॅरेथॉन धावणार."

"आणि दोजोत?"

"की पट्टा मिळवला तेव्हा मिळवला. आता त्या लायकीची राहिले नाही."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची समुपदेशक आहे. १९५० च्या दशकात त्यांनी मांडलेली आणि मला रोज खरी ठरताना दिसणारी गोष्ट अशी: घटनेने माणूस खचतो त्याहून जास्त तो त्या घटनेबद्दल स्वतःला जे सांगतो त्याने खचतो. मी तिला वहीच्या शेवटच्या पानावर तिचं सांगणं पुरतं लिहायला लावलं. तिने लिहिलं: "मी दोन्हीकडे, प्रत्येक दिवशी, माझ्या सर्वांत चांगल्या दिवसाइतकी चांगली असलेच पाहिजे. नसेन तर मी कुचकामी." मोठ्याने वाचून तीच म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलाने असं म्हटलं असतं तर मी त्याला ओरडले असते."

डोक्याला पटलं होतं. पण डोक्याला पटल्याने झोप लागत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. म्हणून मी तिला एक काम दिलं. एका संध्याकाळी दोजोत जायचं, सेन्सेईंना आधी सांगून ठेवायचं आणि खालच्या पट्ट्यांच्या मुलांबरोबर रांदोरी करून त्यांना स्वतःला पाडू द्यायचं. दिवस मुद्दाम पाय ताजे असतानाचा निवडला. थकून पडले अशी सबब तिला मिळता कामा नये.

"मॅडम, हे मला जमणार नाही."

"जमणार नाही, की आवडणार नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, तिने शाळेच्या वयापासून गिरवलं होतं. पडायला तिच्याइतकं तयार शरीर क्वचितच असेल.

"आवडणार नाही," ती सावकाश म्हणाली.

"मग न आवडता करा."

पुढच्या भेटीत ती खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. पहिल्या दोन वेळा पडताना तिचे कान तापले होते. तिसऱ्यांदा तिला पाडलं ते त्याच हिरव्या पट्ट्याच्या मुलाने. उठून तो म्हणाला, "ताई, माझी बाही धरायची पद्धत बरोबर होती का?" नव्हती. त्याचा हात बाहीवर फार वर सरकत होता आणि त्यामुळे कंबर उशिरा वळत होती. तिने त्याला ते दाखवलं. मग आपण इतके महिने लढताना समोरच्याची कंबर पाहतच नव्हतो, भिंतीपाशी बसलेल्यांचे चेहरे पाहत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे मॅडम, त्या सोमवारी पाय थकले होते हे खरं. पण माझं लक्षही तिथे नव्हतं."

हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर मान डोलावून ती घरी गेली असती. थकवा वहीत सापडतो, वेळापत्रकाने उतरतो. पण सतत स्वतःला सिद्ध करत राहण्याचं ओझं कुठल्याच आकड्यात दिसत नाही आणि सर्वांत जास्त दमवतं तेच. माझ्याकडे 'काय सोडू' विचारत येणाऱ्या बहुतेकांना सोडायचं असतं ते हे ओझं. हाताशी दिसतो म्हणून ते खेळ सोडायला निघतात.

एक बोच तरीही उरली होती. ज्युदो मागे ठेवणं तिला बेइमानी वाटत होती. मी तिला जिगोरो कानो यांची आठवण करून दिली. १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा सुरू करून ज्युदो घडवणारे तेच कानो १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला जपानचं पहिलं पथक घेऊन गेले. त्या पथकात खेळाडू दोनच होते, दोघंही धावणारे. त्यातला शिझो कानाकुरी हा मॅरेथॉनपटू कानो मुख्याध्यापक असलेल्या संस्थेचा विद्यार्थी. ज्युदोच्या जनकाला धावण्याचं वावडं नव्हतं, तर तिने का बाळगावं?

तिने मॅरेथॉन पूर्ण केली. मनात धरलेल्या वेळेहून काही मिनिटं जास्त लागली. "आवडलं नाही," असं ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली.

तुमची परिस्थिती अशीच असेल तर वहीपासून सुरुवात करा. महिनाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा. हलक्या दिवसाची कसोटी सोपी आहे: धावता धावता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. नाही आली तर तो दिवस हलका नाही, घड्याळ काही का दाखवेना. लाथांवर भर असलेल्या कलांमध्ये पोटऱ्या आणि मांडीच्या सांध्याचा पुढचा भाग आधीच ताणलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या सकाळी इंटरव्हल नकोत. जुजुत्सूवाल्यांचे पाय त्या मानाने ताजे राहतात, पण मान आणि हाताची पकड थकते आणि लांब सायकलिंगमध्ये तीच कुरकुरते.

सकाळी उठल्यावरचे हृदयाचे ठोके काही दिवस सलग नेहमीपेक्षा जास्त येत असतील, झोप मोडत असेल, चिडचिड वाढली असेल, तर आधी भार उतरवा, मनाचा शोध नंतर घ्या. माझ्यासारख्या समुपदेशकानेही हा क्रम पाळायला हवा. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणं आणि लांब पल्ल्याची तयारी एकाच वेळी करू नका. खाणं मेहनतीला पुरत नसेल तर हाडांपासून मनापर्यंत सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये त्याची वेगळी दखल घेतली आहे. स्त्रियांची पाळी सलग तीन महिने चुकली तर 'मेहनतीने होतं असं' म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जा. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत लढणं बंद आणि धावणंही बंद.

वही दोन्ही कोचना दाखवा. माझ्या अनुभवात चिडणारे कोच फार थोडे निघतात. बहुतेकांना पहिल्यांदाच पूर्ण आठवडा दिसतो आणि ते स्वतःहून एखादा सराव हलका करतात.

काहींनी मात्र खरोखर एक निवडावं. निवड चाचणी तोंडावर आहे, पदकाची खरी शक्यता आहे, किंवा जुनी दुखापत दर दोन महिन्यांनी डोकं वर काढते आहे, अशांना मी समतोलाच्या गोष्टी सांगत नाही. त्या मोसमापुरतं दुसरं बाजूला ठेवा, आणि ते परत कधी सुरू करणार तो महिना आजच वहीत लिहून ठेवा. महिना लिहिताना हात अडखळला तर मला भेटा, कारण मग प्रश्न वेगळाच आहे.